आठवी ‘ब’ची तुकडी

सन १९९५ च्या हिवाळ्यात माझी कन्या सौंदर्या हिने कांदा चिरण्यास साफ नकार दिला, आणि तेथून माझ्या सूडाचा प्रारंभ झाला.

ती उचगावातील हायस्कुलात सातवीत होती. विज्ञानाच्या तासाला बिरनाळे सर सूक्ष्मदर्शक मुलांच्या हाती देत व मुलींना काचपट्ट्या धुण्यास बसवीत. त्या दिवशी कांद्याचा पापुद्रा पाहण्यासाठी सौंदर्याने भिंगाला डोळा लाविला, तेव्हा सर म्हणाले, "तू कशाला बघतीस? तुला जन्मभर कांदाच चिरायचा हाय की." सारा वर्ग हसला.

मी रिक्षा थेट शाळेपुढे उभी करून सरांना जाब विचारिला.

"सिद्धराम, यंत्र एकच हाय," सर म्हणाले. "पोरींनी फोडलं तर तू भरणार काय?"

"आन पोरांनी फोडलं तर कोण भरतंय, सर?"

त्यांनी चहाचा कप तोंडाला लाविला. त्यांच्या प्रत्येक घोटासरशी माझ्या अंतःकरणातील अग्नी वाढत गेला.

जूनमध्ये मी सौंदर्याला शाहूपुरीतील कन्याशाळेत घातले. तेथे मुलगा औषधालाही नव्हता. यंत्र मांडणाऱ्या मुली, मोडणाऱ्या मुली आणि बोलणी खाऊन दुरुस्त करणाऱ्याही मुलीच. परंतु एवढ्याने माझे समाधान होणार नव्हते. मी घरोघर जाऊन सांगू लागलो, की माझी रिक्षा पोरींना दारातून नेईल व दारात सोडील.

"गावात शाळा असताना पोरगी शहरात कशाला धाडायची?" शेजारच्या बायडाबाईंनी विचारिले.

"तिथं पोरं न्हाईत, आक्का."

एवढे वाक्य पुरेसे झाले. त्यांना अब्रू राखावयाची होती, मला सूड उगवावयाचा होता. लाभ मात्र पोरींचा झाला. पुढे आणखी दोन रिक्षावाले मी जोडीला घेतले.

दोन वर्षांत हायस्कुलाची पटसंख्या घसरली, आठवीची ‘ब’ तुकडी तुटली, आणि शिक्षकांत सर्वांत नवे म्हणून बिरनाळे सर अतिरिक्त ठरले. त्या दिवशी मी रिक्षात पेढे वाटले.

तथापि, अतिरिक्त शिक्षकास घरी न बसविता दुसऱ्या शाळेत धाडितात, हे ज्ञान मला नव्हते. सौंदर्या दहावीत गेली त्या जूनमध्ये ती शाळेतून येऊन म्हणाली, "अण्णा, विज्ञानाला नवीन सर आल्यात. बिरनाळे."

मी हातातील भाकरी ताटात टाकिली. "उद्या समद्या पालकांना घिऊन मोठ्या बाईंच्या म्होरं बसतो. हाकलूनच काढतो त्याला."

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "तिकडं त्यांना पोरं होती. हितं सामान कुणाच्या हातात देत्यात, ते मला बघायचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. सरांनी आम्लाची बाटली उचलली व सवयीने मागच्या बाकांकडे पाहिले. तेथेही वेण्याच होत्या. त्यांची नजर पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. सौंदर्या उठली आणि तिने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

"सर, जरा बाजूला व्हा. अंगावर उडंल."

सर बाजूला झाले. ते दृश्य मी पोटभर पाहिले.

सायंकाळी ते फाटकापाशी आले. "सिद्धराम, उचगावलाच निघालास न्हवं? मला बी घे की."

रिक्षात एक जागा रिकामी होती.

"पोरींची गाडी हाय, पावणं," मी म्हणालो, आणि गिअर टाकिला.