एकाच बाजूचा पंख

मनकर्णाचं हे दुसरं घर होतं, आणि तिसरं मिळणार नाही हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या घरानं आठ वर्षं वाट पाहिली, मूल होत नाही म्हणून एका दुपारी तिची ट्रंक अकोल्याला भावाच्या दारात आणून ठेवली, आणि भावजयीनं ती ट्रंक मधल्या खोलीत कधी येऊच दिली नाही. ती छपरीतच राहिली, आज ना उद्या पुन्हा उचलायचीच आहे अशी. म्हणून अचलपूरच्या देवीदासचं स्थळ आलं तेव्हा मनकर्णानं खोदून काही विचारलं नाही. जिनिंगमधला फिटर, बायको एक दिवस पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेली ती परतलीच नाही, आणि मागे एक पोरगी. "तिच्यासाठीच करून राहिलो मी हे," पाट लागायच्या आधीच देवीदासनं सांगून टाकलं होतं. "पोरगी तुले लागली त ठीक. नाई त तिची आजी दिवाळीले तिले धामणगावले घेऊन जाईन, आन मंग..." मंग काय, ते त्यानं सांगितलं नाही. मनकर्णाला छपरीतली ट्रंक दिसली.

पोरगी म्हणजे आकांक्षा, दहा वर्षांची. भांडखोर असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या पोराची समजूत तरी काढता येते. ही भांडत नव्हती, रुसत नव्हती, उलटून बोलत नव्हती. वाढलेलं ताट उचलून मागच्या खोलीत न्यायची, खाऊन झालं की घासून पालथं घालायची, आणि मनकर्णा समोर आली की तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहायची. आई म्हणायचं तर सोडाच, तिनं मनकर्णाला कसलीच हाक मारली नव्हती. देवीदास घरी असता तर काहीतरी तोड निघाली असती, पण ती वर्षंच अशी होती की कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प व्हायची. पेपरात रोज कोणत्या ना कोणत्या गावाचं नाव यायचं, अचलपूरचं जिनिंग तर कुलूप घालून बसलं होतं. देवीदास धामणगावला यंत्रदुरुस्तीच्या कामावर गेला. रविवारी यायचा, झोपायचा आणि जायचा.

दाराशी एक रिकामा पिंजरा टांगलेला होता. यात काय होतं, असं मनकर्णानं एकदा विचारलं तेव्हा पोरगी म्हणाली, "उडालं." बोललेल्या त्या एका शब्दावर मनकर्णानं सगळी आशा बांधली. आपण दोघी मिळून एक पाखरू पाळू, त्याच्या निमित्तानं ही जवळ येईल, असं तिच्या मनानं घेतलं, आणि पोळा सरल्यावर ती तो पिंजरा उचलून आकांक्षाला घेऊन कुर्बानमियांकडे गेली.

कुर्बानमियां गावातल्या एका गल्लीत तारेचे पिंजरे वळायचे आणि पाखरं विकायचे. लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात त्यांना ते बजरी म्हणत. एक हिरवी बजरी त्यांनी मुठीत धरली, तिचा डावा पंख पंख्यासारखा उघडला आणि कात्रीनं टोकाची पिसं सफाईनं उतरवली. पाखरू ओरडलंसुद्धा नाही.

"दुसऱ्या बाजूचे काहून नाई कापत?" आकांक्षानं विचारलं. मनकर्णा चमकली, पोरीनं आपणहून कोणाला काही विचारल्याचं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"दोन्हीकडचे कापले त पाखरू जमिनीवर पडते, घाबरून जाते बेटा," कुर्बानमियां म्हणाले. "एकाच बाजूचा कापला त उडते, पण गोल फिरून तिथीच येते. त्याले वाटते आपणच परत आलो." मग मनकर्णाकडे वळून ते सावकाश सांगत राहिले, की बाई, याच्या डोयात डोया घालून पाहू नका, समोरून पाहणारा खायाले आला असं वाटते याले, बाजूले बसून आपलं काम करत राहा. हात वरून नेऊ नका, खालून न्या. दाणे द्यायच्या आधी आवाज एकच काढा, रोज तोच. पिंजऱ्यात आरसा ठेवू नका, आरशात सोबत भेटली की त्याले माणसाची गरज राहत नाई. दुसरं पाखरूही जवळ नको. "आन दार उघडाची घाई करू नका. पिसं पुन्हा फुटतात, तवा आणजा कापाले. पण एकदा का जीव लागला, मंग दार सताड उघडं ठेवा. नाई जात."

आकांक्षा हे सगळं तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. घरी येताना पिंजऱ्याची कडी तिनंच धरली.

मनकर्णानं अगदी मन लावून केलं. दुपारी पिंजऱ्याजवळ बसून ती गवारीच्या शेंगा मोडायची, तांदूळ निवडायची, पाखराकडे बघायचीच नाही. दाणे टाकताना जीभ टाळूला लावून दोनदा वाजवायची, टक् टक्. सुरुवातीला बजरी कोपऱ्यात अंग चोरून बसली, दाण्याला शिवली नाही. मग मनकर्णा लांब असताना खाऊ लागली, मग जवळ असताना, आणि एका दुपारी तळहातावरच्या राळ्याच्या दाण्यांकडे तिनं मान तिरकी करून बघितलं, एक पाय बोटावर ठेवला आणि काढून घेतला. त्या एवढ्याशा पायाचा गार स्पर्श मनकर्णाला दिवसभर पुरला. आनंदानं तिनं मागे बघितलं, तर आकांक्षा दारात बसलेली होती. ती पाखराकडे बघत नव्हती. मनकर्णाकडेही बघत नव्हती. बाजूला तोंड करून वहीला कव्हर घालत होती.

दुसऱ्या दिवशी ती दारातून आत आली, मग चुलीपाशी, मग मनकर्णापासून हातभर अंतरावर. बोलायची नाही, नुसती बसायची. पोरगी लागली म्हणायची आपल्याला, असं मनकर्णाला वाटलं आणि पदर डोळ्याला लावायची वेळ आली. एका सकाळी मागून टक् टक् असा आवाज झाला. तिला वाटलं पोरगी पाखराला बोलावते आहे, म्हणून ती वळली, तर तिच्याच शेजारी जमिनीवर भाकरी आणि पिठल्याची ताटली सरकवलेली होती आणि आकांक्षा पाठमोरी उभी होती. त्या घरात आल्यापासून मनकर्णाला कोणी वाढून दिलं नव्हतं. तिनं ती भाकरी रडत रडत खाल्ली.

आरसा कधी गेला हे तिला सांगता आलं नसतं. मोरीजवळच्या खिळ्याला तो असायचा. एका सकाळी कुंकू लावायला गेली तर खिळा होता, आरसा नव्हता. आकांक्षाला विचारलं तर ती म्हणाली, "नको म्हणाले ना ते." मनकर्णा गोंधळली. कुर्बानमियां म्हणाले होते खरं, पण ते पिंजऱ्यातल्या आरशाचं. की सगळ्याच आरशांचं म्हणाले होते? पोरीनं पाखराच्या काळजीनं काढला असेल, त्यावरून तिला कशाला बोलायचं, असं म्हणून ती बिनआरशानं कुंकू लावायला शिकली.

मग शेजारच्या माणिकबाई यायच्या बंद झाल्या. रोज दुपारी येऊन सुपारी कातरत बसणारी बाई. मनकर्णानं कुंपणावरून विचारलं, "काहून माणिकबाई, येऊन नाई राहिल्या?" तर त्या ओशाळून म्हणाल्या, "तुमची पोरगी म्हणाली ना माय, तुमाले कोणी आलेलं चालत नाई म्हणून." मनकर्णा हसली, असं मी कधी म्हटलं, म्हणाली. पण म्हणताना तिचं तिलाच खात्रीनं वाटेना. संध्याकाळ झाली की पिंजऱ्यावर चादर पडायची, तशी आता तिच्या खिडकीवरही एक चादर पडायला लागली होती, आणि चादर पडली की तिलाही डोळे जड वाटायचे.

नवरात्रात तिनं न्हायला केस सोडले तेव्हा कळलं. उजव्या बाजूचे केस कमरेपर्यंत होते. डावीकडचे खांद्याशी संपत होते, सफाईनं, एका रेषेत. दुपारी डोळा लागायचा तिचा, तेवढ्यात कधीतरी. ती ओले केस हातात धरून कितीतरी वेळ मोरीत बसून राहिली. भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही; पण तिला जास्त आठवत होतं ते हे, की एका दुपारी झोपेत कोणीतरी आपल्या मानेवरून फार हळू, खालून वर हात फिरवत होतं आणि ते बरं वाटत होतं.

एक दिवस भावाकडे जाऊन यावं म्हणून तिनं पिशवी भरली. देवीदासला सांगायचं तर तो नव्हता, आणि सांगायचं काय? पोरगी मला वाढते, जवळ बसते, हे गाऱ्हाणं म्हणून कोणाला सांगणार? गल्ली संपली की उजवीकडे, मग पिंपळापासून सरळ, की एसटी स्टँड. वाट आंधळ्यालाही सापडावी अशी. ती पिंपळापर्यंत गेली, अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर ओरडताना तिनं ऐकलासुद्धा, आणि चालता चालता मान वर केली तर समोर आपलंच दार. आकांक्षा पायरीवर बसलेली, तोंड बाजूला. मनकर्णानं कपाळावर हात मारला, आपण काही विसरलो म्हणून मागे आलो असू असं ठरवलं आणि पुन्हा निघाली. या खेपेला तिनं मुद्दाम भिंतीला हात लावून उजव्या बाजूनं चालायचं ठरवलं. भिंत डावीकडे वळत गेली, की तीच वळली, ते समजेना. पुन्हा दार, पुन्हा पायरी.

टक् टक्.

ताटलीत गूळ आणि शेंगदाणे होते. पिशवी कधी खाली ठेवली हे तिला आठवलं नाही. आपल्याला हायसं वाटतंय हे मात्र तिला स्पष्ट कळलं, आणि ते का वाटावं, हेच कळेना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बजरी उडून गेली. मनकर्णा पाणी बदलत असताना ती तिच्या मनगटावर चढली, पंख ताणले आणि थेट कवेलूंच्या छपरावरून सरळ, कुठेही न वळता, निघून गेली. मनकर्णाला रडू फुटलं. पोरीसाठी आणलेलं पाखरू आपल्या हातून गेलं. आता हिची समजूत कशी घालायची, आजी आल्यावर काय सांगायचं? पण आकांक्षा शांत होती.

"त्याची पिसं परत फुटली होती," ती म्हणाली. "आपुन पाह्यलं नाई." आणि तेव्हा, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, तिनं मनकर्णाच्या डोळ्यांकडे नाही, पण डाव्या खांद्याकडे नीट निरखून बघितलं. संध्याकाळी ती कात्री घेऊन आली. या वेळी मनकर्णा जागी होती. तिनं पाठ केली आणि केस सोडले, आणि पाठीमागे पोरगी हळूच म्हणाली, "आईच्या वेळेस मले माहीत नव्हतं." तिचा आवाज रडवेला होता. मनकर्णाला वळून तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण हललं तर कात्री लागेल, म्हणून ती हलली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजी, आशाबाई, धामणगावहून आल्या. देवीदास त्यांची पिशवी घेऊन मागे होता. दार सताड उघडं होतं. सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. मनकर्णा उन्हाच्या कडेला बसून सुपात तांदूळ निवडत होती. कोणी आलं हे तिला समजलं, उठून पाया पडायला हवं हेही समजलं, पण ते सगळं जरा लांबून समजत होतं.

"दार लाव व पोरी," आशाबाई म्हणाल्या. "कुत्रं शिरंन."

"राहू दे आजी उघडं. आता नाई जात."

आशाबाईंनी पिंजऱ्याकडे बघितलं. तो रिकामा होता. त्यांनी देवीदासकडे बघितलं. त्यानं नजर काढून घेतली आणि चपला काढू लागला. म्हाताऱ्या बाईनं पोरीला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ज्यासाठी आल्या होत्या ते विचारलं. "आई म्हणतं का इले? म्हणून दाखव बरं. म्हणत असशीन त राह्य इथी, मले काई म्हणायचं नाई."

 आकांक्षानं हाक मारली. "आई."

मनकर्णाचे हात तांदळात फिरत होते. कुठेतरी, कुणाची तरी पोर आईला हाक मारत होती. किती गोड हाक मारते, असं तिच्या मनात आलं, आणि ज्या बाईसाठी ती होती तिचा तिला क्षणभर हेवा वाटला. पोरगी पुन्हा म्हणाली, "आई," या वेळी जरा मोठ्यानं. मनकर्णानं एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग टक् टक् असा आवाज आला.

मनकर्णानं सूप खाली ठेवलं. आकांक्षा तिच्याजवळ येऊन बसली होती, तोंड दुसरीकडे करून, आणि तिचा उघडा तळहात जमिनीलगत, खालून सावकाश पुढे येत होता. त्यावर राळ्याचे चार दाणे होते. मनकर्णानं मान तिरकी करून त्यांच्याकडे बघितलं.