बारा दारं आणि एक उधाण

सकाळपासून रुदेसिंदाबाईनं पन्नास बटाटे किसले, फडक्यात पिळून मिल्काओचे गोळे थापले आणि दोन कोंबड्या रश्श्यात घातल्या. बारा घरची माणसं जेवणार म्हणजे एवढं लागतंच. खाली किनाऱ्यावर वादळानं गुडघाभर शेवाळ फेकलं होतं. ते बैलगाडीनं वर आणायचं, परड्यातल्या नऊ वाफ्यांत घालायचं आणि त्यात लसूण टोचायचा. मे अर्धा सरला होता, हिवाळ्याआधीची लावणी टळत चालली होती. गेल्या साली शेवाळाविना लावलेला लसूण हरभऱ्याएवढा निघाला होता. अन् दुपारी तीनला अमावास्येचं उधाण. ते आलं की समुद्र दिलेलं परत नेणार.

दहा वाजले तरी फाटकाशी कुत्रंसुद्धा आलं नाही.

मांडीचं हाड मोडून चुलीपाशी पडलेल्या नवऱ्यानं, बेलार्मिनोनं, विचारलं, "दारात गेली हुतीस का?"

"फोन गेला की."

"फोनला पाय असत्यात व्हय? बरंय त्याचं. मला न्हाईत."

दरसाल बारा दारी तोच जायचा. टोपी काढून, पायरीखाली उभं राहून म्हणायचा, तुमच्या हाताची गरज हाय. मग माणूस आत बोलवायचा आणि नाही म्हणायची सोय उरायची नाही. यंदा बाईचे गुडघे, त्यात चिखलाचा चढ. शहरातली लेक यास्ना म्हणाली, आई, मी आहे ना. आणि एका दमात बारा घरी निरोप धाडला. बाराही घरांतून अंगठ्याचं चित्र आलं. यास्नाच्या लेखी तो होकार होता. गावानं आपल्या रीतीनं अंगठा दाखवला होता.

बाराच्या सुमाराला त्या बारा घरांतलाच नोल्बेर्तो बैल घेऊन फाटकावरून निघाला. बाईनं हात पुसत त्याला गाठलं. निरोप मिळाला नाही का?

"मिळाला की, वयनी. यास्नाचा. वाटलं, मागनं तुमी याल."

"मग आता म्हणते. तुमच्या हाताची गरज हाय."

त्यानं टोपी काढली. तेवढी रीत त्यानं पाळली. "रस्त्यात न्हाई वो म्हणत तसं. आन आज मी चिगुआय म्हाताऱ्याला शबूद दिलाय. काठी टेकत दारात आला हुता." तो जरा घुटमळला, बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि गेला.

बाई चाकगाडी घेऊन एकटीच उतरली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पाणी चाकाला लागलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत शेवाळाचा ढीग हलका होऊन तरंगत निघाला. आणलेल्यात एक वाफा जेमतेम झाकला.

रविवारी गुडघ्यांना फडकी बांधून ती बारा दारं फिरली. प्रत्येक घरी चुलीजवळची खुर्ची मिळाली, माते नावाचा गरम, कडसर पाल्याचा चहा मिळाला, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार मिळाला. कुणी कुदळी आणतो म्हणालं, कुणी सुनेलाही आणतो म्हणालं. शेवटचं दार नोल्बेर्तोचं. त्याला तर तिचं येणं पाहून सुटल्यासारखं झालं.

"बैल कधी जुंपू, वयनी?"

खिडकीतून किनारा दिसत होता, झाडून काढल्यासारखा. समुद्र निपचित पडलेला.

"वादळ झालं की," ती म्हणाली.

"आन ते कधी हुतंय?"

रुदेसिंदाबाईनं चहाचं भांडं दोन्ही हातांत धरलं.

"ते कुणाच्या दारात जाऊन इचारू?"