मरणाचा तौलनिक अभ्यास

प्राध्यापक राधाकृष्ण कुलथे यांचा मरणाचा अभ्यास दांडगा होता. नगरच्या एका कॉलेजात ते मराठी शिकवत, आणि 'ग्रामीण कवितेतील मृत्यू' या विषयावर सहा वर्षं प्रबंध लिहीत होते. खेडं त्यांनी पाहिलं होतं, नाही असं नाही. पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना लागतं तेवढं.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत तिसगावच्या हायस्कूलमध्ये ग्रामीण साहित्य मेळावा भरला. दुष्काळ ऐन भरात होता. शाळेच्या विहिरीचा तळ दिसत होता, पण साहित्याला पाणी लागत नाही, या विचारानं संयोजकांनी तारीख बदलली नव्हती. कुलथे सरांचा विषय होता दोन कवितांमधल्या मृत्यूची तुलना. दोन्ही कवी पाथर्डी तालुक्यातले. पहिला रंगनाथ, पंचायत समितीत कारकून. दुसरा मच्छिंद्र, गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर.

रंगनाथची 'अखेरची नांगरट' दिवाळी अंकात छापून आली होती आणि नगरातल्या दोन-तीन वाचनालयांत तिनं लोकांना रडवलं होतं. तीत कवीचा बाप भर शेतात, हाती नांगर असताना प्राण सोडतो. बैल थांबतात, रडतात. पाखरं गप्प होतात.

'बाप निजला मातीत, काळ्या आईच्या कुशीत,
बैलांच्या डोळां आसवं, आभाळ उतरलं मुशीत.'

आभाळ मुशीत कशाला उतरलं हे कुणालाच कळलं नव्हतं. म्हणूनच कुलथे सरांनी त्यावर प्रबंधात अडीच पानं खर्चली होती.

हॉलमध्ये गर्दी बरी होती. बाजारचा दिवस असल्यानं लोक गावात आलेलेच होते आणि शाळेवर सावली होती. मागच्या भिंतीला बाया पिशव्या मांडीत घेऊन बसल्या होत्या. पुढच्या रांगेत पांढऱ्या पटक्याचा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून एकाग्रतेनं ऐकत होता. सरांना तो फार आवडला. असा श्रोता कॉलेजात मिळत नाही. ते सगळं भाषण त्याच्याकडे बघूनच करू लागले.

"पहिल्या कवितेत मृत्यूला महाकाव्याची उंची आहे," सर म्हणाले. "शेतकरी मरत नाही, तो मातीत पेरला जातो. यामागे कवीचा जळजळीत अनुभव आहे. बापाचं कलेवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अशी ओळ हातून उतरत नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. व्यासपीठावर बसलेल्या रंगनाथनं मात्र रुमाल काढून मान पुसली. सरांनी तो गहिवर समजून क्षणभर थांबून त्याला सावरायला वेळ दिला.

मग ते दुसऱ्या कवितेकडे वळले. "मच्छिंद्र यांच्या 'पाटा' या कवितेत आई मरते आणि कवी काय सांगतो? तर मिरच्यांची हकीकत. इथे मृत्यूला प्रतिष्ठा नाही. कारुण्याचा अभाव आहे. ही कविता नव्हे, ही बातमी आहे, आणि तीही वर्तमानपत्रात आतल्या पानावर येईल अशी."

मच्छिंद्र तिसऱ्या रांगेत होता. सकाळी दुष्काळी छावणीतल्या गुरांना लस टोचून तो तसाच आला होता, बाहीवर औषधाचा पिवळा डाग होता. तो ऐकून घेत होता. जनावरांच्या दवाखान्यात लाथा खायची सवय होते.

तासाभरानं भाषण संपलं. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" रीतीप्रमाणे कुणाला नसते. पण पुढचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला.

"सायेब, लई झ्याक बोलला. येकच इचारायचं हुतं. मी मेलो तवा बैलं कोंची हुती?"

सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आजोबा, आपलं नाव?"

"गहिनीनाथ. ह्यो रंगनाथ माझाच." त्यानं काठीनं व्यासपीठ दाखवलं. "न्हाई, म्या आपलं येवढ्यासाठी इचारलं, की आमची बैलं त छावनीत हायेत. आन् त्यातला खिलारी मला बघितलं की मारायलाच येतो. त्यो रडंल आसं वाटत न्हाई."

मागच्या बायांत खसखस पिकली. रंगनाथला टेबलाखाली काहीतरी सांडल्याचं आठवलं आणि तो शोधायला वाकला.

सहा वर्षांच्या अभ्यासात असा प्रसंग सरांवर आला नव्हता. त्यांनी अभ्यासलेली सगळी प्रेतं वागायला सभ्य होती. तरी त्यांनी तोल सोडला नाही. "हे पाहा बाबा, कवितेतला बाप म्हणजे तुम्ही नव्हे. ते प्रतीक आहे."

"म्हंजे मी मेलो न्हाई."

"प्रतीकात्मक अर्थानं मेलात."

"आस्सं." गहिनीनाथानं विचार केला. "मग दहावं-तेरावं बी तसंच उरकलं म्हना. बरं झालं, पावन्यांना सांगाया नको." तो बसणार होता, पण पुन्हा सरळ झाला. "पोरानं चांगलंच लिवलंय, माझी तक्रार न्हाई. माझा बा मातूर खराच रानात गेला. नांगर धरून न्हाई. मानूस आधी खाली बसतो, सायेब. म्हनला, जरा पानी आन. म्या आनस्तवर गेल्ता. तांब्या हातातच ऱ्हायला. ते पानी कुठं वतावं ते मला उमगंना, म्हनून म्याच पिलो."

सरांच्या हातात पेन्सिल होती, पण यातलं काय टिपायचं आणि कुठल्या प्रकरणात घालायचं हे त्यांना ठरवता येईना.

"त्या दुसऱ्या पोराची कविता तुमी पुरी म्हनलीच न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "ती म्हना की."

सरांकडे टिपणात तिच्या दोनच ओळी होत्या. दोष दाखवायला तेवढ्या पुरतात. शेवटी मच्छिंद्रच उभा राहिला आणि जागेवरूनच, गुरांच्या मालकाला औषधाची मात्रा सांगावी तशा आवाजात त्यानं म्हटली.

'आई गेली तेव्हा
मिरच्या अर्ध्याच वाटून झाल्या होत्या.
बनुबाईनं तिचे डोळे मिटले, हात धुतले,
उरलेल्या मिरच्या घरी नेऊन वाटल्या.
संध्याकाळी तिच्याकडून भाकर आली,
वर आईची चटणी.
लई तिखट झाली होती.
बरं झालं.
सगळ्यांनाच डोळे पुसता आले.'

म्हणून झाल्यावर तो खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही. भिंतीजवळच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. सरांनी टिपणाच्या समासात लिहिलं, 'श्रोत्यांचा प्रतिसाद नाही.'

जेवणाच्या पंगतीत मच्छिंद्र नेमका त्यांच्या शेजारी आला. एव्हाना सर सावध झाले होते. तिसगावात मेलेल्या माणसांचा भरवसा नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी हसत विचारलं, "काय मच्छिंद्रराव, आपल्या मातोश्री कशा आहेत? बऱ्या ना?"

"कार्तिकात गेली," मच्छिंद्र म्हणाला.

सरांच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुम्ही म्हणालात ते खरंय, सर," मच्छिंद्र भाकरी मोडत म्हणाला. "त्यात दुःख असं काही आलंच नाही. मी घालून पाहिलं दोनदा. बसत नव्हतं, म्हणून काढून टाकलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सरांनी तो शोधला. सापडला असता तर त्यांना पुढचं पिठलं गोड लागलं असतं.

परतीच्या गाडीत बाहेर सगळीकडे उघडं माळरान होतं आणि सरांना एकही उपमा सुचत नव्हती. घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढता काढताच बायकोला विचारलं, "सुशीला, आई गेली तेव्हा शेवटचं काय बोलली होती गं?"

सुशीलाबाई निवडणं बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आज काय हे मधेच? 'दुधावर झाकण ठेव, मांजर येईल,' असं म्हणाल्या. तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत पेपर तपासत होतात."

"पण आपण तर सगळ्यांना..."

"तुम्ही सांगितलंत, रामनाम घेतलं म्हणून. चांगलं दिसतं म्हणून मीही मान हलवली." मग निवडणं पुन्हा पुढ्यात ओढत त्या म्हणाल्या, "झाकण ठेवलं होतं मी. त्यांना सांगायचं राहिलं."

कुलथे सरांनी भाषणाचा कागद काढला आणि समासातली ती टीप खोडली. तिच्या जागी काय लिहावं हे त्यांना समजेना. खरं काय ते लिहायचं, तर तुलना सगळीच उलटी करावी लागली असती, आणि प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता.

तेव्हा भाषणाचा लेख होता तसाच एका मासिकाकडे गेला. फक्त एक तळटीप वाढली. कवीचे वडील सुदैवाने हयात असून, त्यामुळे कवीच्या कल्पनाशक्तीची झेप अधिकच सिद्ध होते. मेच्या अंकात तो छापून आला. रंगनाथनं पाच प्रती घेतल्या. त्यातली एक गहिनीनाथानं वाचून घेतली आणि 'हयात' या शब्दापाशी समाधानानं मान डोलावली. मच्छिंद्रला अंक मिळाला, पण छावणीत लाळ्या-खुरकताची साथ आली होती आणि तो उघडायला त्याला सवड नव्हती.

पुढे प्रबंध मान्य होऊन कुलथे सर डॉक्टर झाले. वर्गात ते 'अखेरची नांगरट' मन लावून शिकवत. 'पाटा' मुलांना घरी वाचायला सांगत. ती म्हणून दाखवा, असं एकदा एका मुलीनं सुचवलं, तेव्हा सर म्हणाले, "तिच्यात विशेष काही नाही," आणि चष्मा पुसायला खिडकीपाशी गेले.