तिसावा

"चामड्याची चड्डी आणलीयेस ना?" आमच्या प्रशिक्षकाने, रुपर्टने विचारलं. मी आमच्या स्कीपटूच्या, गेबहार्डच्या, स्कीच्या कडांना कानस लावत होतो.

"घरी राहिली," मी थाप मारली. पिशवी माझ्या पायाशीच होती. गेबहार्डच्या आईनेच दिली होती.

आमच्यात निवृत्त होणारा गडी शेवटच्या शर्यतीत अशी चड्डी घालून उतरतो. वाटेत थांबून लोकांना हात करतो, खाली पोचला की दोस्त त्याला बिअरने न्हाऊ घालतात. त्या दिवशी त्याची वेळ कुणी बघत नाही.

"त्याला समजाव, फेर्डल. मानाने जाऊ दे. चौतिशीचा घोडा झालाय."

"आणि पहिल्या तिसात आला तर?"

"तर पुढच्या मोसमात संघात ठेवतो. पण या मोसमात एकदा तरी आलाय का?"

नव्हता आला. पहिल्या फेरीतले पहिले तीसच जण दुसऱ्या फेरीत उतरतात. नोव्हेंबरात तो चौतिसावा, डिसेंबरात दोनदा पडला, जानेवारीत एकतिसावा. आजची शेवटची. अकरा वर्षं मी त्याच्या स्की घासतोय, मेण लावतोय. तो संघातून गेला की माझंही काम गेलं. पण त्या सकाळी मला भीती होती ती फक्त गेबहार्डची, पिशवी बघून तो काय म्हणेल याची.

गेबहार्ड आत आला आणि सरळ पिशवीकडे बघत म्हणाला, "ती तिथंच राहू दे. निरोप घ्यायला मी काय मेलोय?"

त्याचा नंबर एकोणसाठ. तोवर आधीच्यांच्या स्कींनी उतारावर नुसते चर पडले होते. मी गुडघ्यावर बसून त्याच्या बुटांच्या तळव्यांचा बर्फ खरवडला, स्की अडकवून दिल्या, पाठीवर दोन थापा मारल्या आणि नेहमीसारखा ओरडलो, "जा!"

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर रुपर्ट किंचाळला, "तिसावा! लेकाचा तिसावा आलाय!"

मी स्कीवरून खाली सुटलो. अजून सात जण उतरायचे होते. शेवटचा गडी खाली येईपर्यंत दुसऱ्या फेरीच्या स्कीला हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात नवख्यालाही माहीत असतं.

"थांबू या ना जरा?" गेबहार्डने विचारलं.

"कशाला? या चरांतून कोण डोंबलाचं येतंय? आलास तू, गाढवा!"

माझ्या तोंडाला आग लागो. तो बर्फातच बसला आणि रडला. मग त्याने आईला फोन लावला, "आई, आलो गं." मी त्याला आमच्या मेणाच्या खोलीत नेलं आणि दुसऱ्या जोडीला मेण लावायला घेतलं.

चौसष्ट नंबरचा नॉर्वेजियन दोन शतांश सेकंदांनी पुढे गेला.

रुपर्ट खोलीच्या दारात आला आणि नुसती मान हलवली. गेबहार्डने चालू फोन माझ्याकडे दिला. "आता तूच सांग तिला."

मी सांगितलं.

"मग चड्डी दे त्याला," ती म्हणाली. "बापाची आहे, कमरेत सैल होईल. दोरी बांध."

दुपारी शर्यत संपली, लोक पांगले, घड्याळ बंद झालं. कामगार उतारावरचे वळणांचे खांब उपटायला लागले होते. गेबहार्डने चड्डी चढवली आणि मी मागून दोरी बांधली. लिफ्टवाल्याने आम्हाला वर सोडलं.

मी पुन्हा गुडघ्यावर बसलो, बर्फ खरवडला, स्की अडकवून दिल्या, दोन थापा मारल्या. या वेळी "जा" ओरडायचं राहिलं.

तो तरीही गेला. कुठे थांबला नाही, कुणाला हात केला नाही. छाती फुटेल इतक्या जोरात, उरलेल्या एकेका खांबाला अंग घासून वळत होता. कामगार पटापट बाजूला झाले. खालच्या टोकाला एकाने नुकताच उपटलेला खांब परत भोकात रोवला आणि गेबहार्ड त्याला वळसा घालून जाईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.