पंखे फिरत होते

मित्रांनो, मी अकोल्याच्या एका टॉकीजचा पडदा. जुना आहे, हे वासावरून कळतंच. मला घडवताना अंगभर बारीक भोकं पाडली, मागच्या स्पीकरचा आवाज पुढे यावा म्हणून. आयुष्यभर माझ्यावर मारामाऱ्या झाल्या, लग्नं लागली. लोक टाळ्या हिरोला देत आणि पानाची पिचकारी मला. तक्रार नव्हती.

मग खुर्च्या ओस पडू लागल्या. मालक शफीभाई म्हणाले, "हा शेवटचा पिक्चर. इतवारी हाऊसफुल झाला तं पडदा राहीन. नाही तं इथं मंगल कार्यालय."

ज्या सिनेमावर माझा जीव टांगला होता, तो असा. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेत एक आई राहते. मुलगी भांडून निघून गेलेली. आई दाराकडे पाहत बसते. पुष्कळ बसते. गाणं नाही, मारामारी नाही. एक म्हैस आहे, ती रवंथ करते. परदेशातल्या मोठ्या पुरस्काराच्या शर्यतीत होता म्हणे. शेवटी मी एकदम काळा होतो. आवाजही बंद. बराच वेळ. आणि मग दार उघडतं.

आपल्याकडे अंधार झाला की लोक काय समजतात, हे दिग्दर्शकाला कोणी सांगितलं नसावं. पहिल्याच खेळाला कोणीतरी ओरडलं, "लाईट गेली बे!" झालं. सगळे चपला शोधत बाहेर. डोक्यावर पंखे गरगर फिरत होते. वर कोणी पाहिलंच नाही. दर खेळाला हेच.

बाहेर चहाच्या टपरीवर दोन तट पडले. बार्शीटाकळीचे खुशालराव बायकोला म्हणाले, "बक्षीस म्हशीले द्या. तिनंच काईतरी काम केलं."

"तुमी घोरून राहिले होते, तुमाले काय समजते?" मैनाबाई म्हणाल्या. "मले एवढंच सांगा, पोट्टी आली काय नाई?"

त्यांची मुलगी आचल अशीच भांडून गेली होती. फोन लागत नव्हता. खुशालराव चहा संपवून पैसे द्यायला उठले.

शेवटपर्यंत बसलेली एकटी आकांक्षा. खास अमरावतीहून आलेली. सिनेमा थोर आहे, असं तिचं मत. मैनाबाईंनी तिलाच गाठलं. "काकू, शेवट सांगायचा नसतो," ती म्हणाली. नियमाची पक्की. शफीभाईंना मात्र तिनं अंधाराचं रहस्य सांगितलं.

रविवारी सकाळी दारावर पाटी लागली: 'अंधार पिक्चरमधला आहे. लाईट गेलेली नाही. कोणी उठू नये.'

अंधार बघायला गाव लोटलं. हाऊसफुल! मैनाबाई पुढच्या रांगेत. मी वेळेवर काळा झालो, आणि नेमकी तेव्हाच चौकातली विजेची डीपी उडाली.

पंखे थांबले. कोणी उठलं नाही. सगळे पाटी वाचून आलेले. घाम पुसत, श्वास रोखून बसले. मी आतून ओरडत होतो, अहो, वर पाहा! पण भोकं मला दुसऱ्याच्या आवाजासाठी दिलेली.

बऱ्याच वेळानं कोणीतरी टाळी वाजवली. "याले म्हणते कला!" दुसरा म्हणाला, "कला कायची, डोक्स्याले ताप." भांडत भांडत सारे बाहेर गेले. दोन्ही मतं डीपीबद्दल होती.

मैनाबाई तशाच बसलेल्या. शफीभाई टॉर्च घेऊन आले. "चला बाई, आता सच्चीच लाईट गेली."

"थांबा ना भाऊ. दार उघडीन आता."

वीज आली ती अशा जोरात, की प्रोजेक्टर जळला. हाऊसफुल होऊनही मी खाली उतरलो.

आता त्याच जागी मंगल कार्यालय आहे आणि मी हात धुण्याच्या जागेचा आडोसा. माझ्या भोकांतून खरकटं पाणी झिरपतं. परवा एका लग्नात मैनाबाई आल्या. त्यांनी मला ओळखलं. ओला हात माझ्यावर ठेवून हळूच म्हणाल्या, "आली होती काय रे, बाप्पा, ते पोट्टी?"

मागून खुशालराव आले. "कोनाशी बोलून राहिली वं? चाल, पंगत बसून राहिली." दोन पावलं गेले आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आली असन."

आली होती, मित्रांनो. दार उघडून आली, दारातली संत्री पदरात भरली आणि आईला म्हणाली, भूक लागली. मी स्वतः पाहिलंय. कोणाला सांगू?

तेवढं माझं ऐका. अंधार झाला तर लगेच उठू नका. आधी पंखा पाहा.