अर्धा पूल

आत्या अर्ध्या पुलाच्या टोकावर उभी राहून भांडत होती आणि सुतारकाका ओढ्याच्या त्या काठावरून. पूल अर्धा म्हणजे खरोखर अर्धा. आमच्या काठावरून ऐटीत निघायचा आणि मधोमध आल्यावर अंगातलं बळ गेल्यासारखा थांबायचा. पुढे नुसत्या सळया, खाली कमरेइतकं गढूळ पाणी. मी पाठीला दप्तर लावून आत्याच्या मागे उभी होते आणि माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या होत्या.

"सुतारदादा, साकव कधी घालताय?"

"कशाचा घालू, ताई? फळ्या कुठायत?"

"मला काय विचारता? खिळे तुम्हीच ठोकलेत त्यांच्यावर."

"ठोकले की. पण 'आमचीही फळी न्या, साहेबांचं स्टेज मजबूत झालं पाहिजे' असं कोण म्हणालं होतं?"

आत्या पदर सारखा करायला लागली. आत्या पदराशी चाळा करायला लागली म्हणजे घाव वर्मी बसला.

आमचं गाव ओढ्याच्या दोन्ही अंगांना आहे. या काठाला आम्ही, गोठे आणि शेतं. त्या काठाला शाळा, दवाखाना आणि दूध घेणारी डेअरी. पूर ओसरला की दोन्हीकडच्या घरांनी एकेक फळी द्यायची आणि सुतारकाकांनी त्यांचा साकव, म्हणजे पायी जायचा कच्चा पूल, बांधायचा, ही आमची जुनी रीत. पावसाळ्याआधी ज्याची त्याने फळी उचलून घरी ठेवायची. कुठली फळी कुणाची हे मला डोळे मिटूनही कळायचं. आमची फळी म्हणजे जुन्या दाराचं एक पान. पाय पडला की कुरकुरायची, आत्यासारखीच.

मग वर कुठेतरी कुणीतरी नकाशा पसरला आणि मतदारसंघाची नवी रेघ नेमकी ओढ्यावरून नेली. आम्ही गेलो गॉगलवाल्या साहेबांकडे, पलीकडचे गेले मिशीवाल्यांकडे. निवडणूक आली तेव्हा दोघांनीही शाळेच्या मैदानात एकाच स्टेजवर चढून एकच वचन दिलं, पक्का पूल. ते स्टेज कशाचं होतं? आमच्या फळ्यांचं. पक्का पूल येणार म्हटल्यावर साकव हवाय कुणाला? अख्ख्या गावाने हौसेने फळ्या नेऊन दिल्या. स्वतःच्या पायाखालची वाट स्वतःच उचलून दिली आणि वर टाळ्याही वाजवल्या.

दोघेही निवडून आले. गॉगलवाल्यांनी पूल बांधला, पण धारेच्या मध्यापर्यंत. "माझी हद्द इथं संपते. पुढे माझा निधी चालत नाही," म्हणाले. मिशीवाल्यांकडे माणसं गेली तर ते म्हणाले, "सुरुवात त्यांनी केली, श्रेय त्यांना. मी कशाला शेपूट जोडू?" आणि त्यांच्या माणसांनी बजावलं, स्टेज मोडायचं नाही, साहेब पुन्हा येणार आहेत.

साहेब काही आले नाहीत. स्टेजवर आता शेळ्या बसतात.

डांबरी रस्त्याने वळसा घालून दूध पोचेपर्यंत नासायचं. आणि मी शाळेत पोचेपर्यंत दुसरा तास संपलेला असायचा. आदल्या दिवशी बाबा जेवता जेवता म्हणाले होते, "या वर्षी शाळा पुरे. आत्याला हातभार लाव. पूल झाला की बघू." बाबा रागावून बोलले असते तर मी भांडले असते. ते थकून बोलले. थकलेल्या माणसाशी कसं भांडायचं?

म्हणून मी आत्याच्या पुढे झाले, अगदी सळयांपर्यंत.

"काका, उद्यापासून माझी शाळा बंद."

"का गं?"

"बाबा म्हणाले, पूल झाला की बघू."

सुतारकाकांनी पुलाच्या टोकाकडे पाहिलं. "म्हणजे जन्मभर बघतच बसायचं," ते म्हणाले. "चिमणे, किटल्या ठेव खाली. ताई, तुमच्याकडचे दोन वासे आणि चार माणसं वळशाने पाठवा."

"आणि मिशीवाल्यांची माणसं?" आत्याने विचारलं.

"विचारतील तर सांगेन, शेळ्यांनी खाल्लं."

संध्याकाळपर्यंत स्टेज उतरलं. काकांनी पात्रातल्या जुन्या दगडांवर वासे टाकले, टोकं सळयांना तारेने आवळली आणि फळ्या ठोकल्या. पुलाला लागून पहिलीच फळी आमची. इतक्या सभांचं वजन सोसूनही तिची कुरकुर गेली नव्हती.

ही बातमी गॉगलवाल्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते फीत, कात्री आणि फोटोवाला घेऊन हजर. अर्ध्या पुलाचं उद्घाटन करायची त्यांना इतके दिवस लाज वाटली असावी. आता पूल पुरा दिसत होता ना. फीत कापून झाली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, पलीकडे जाऊन उभे राहा. सगळा पूल फोटोत येईल."

साहेब निघाले. मधोमध आत्या आपल्या फळीवर पदर खोचून बसली होती, दोन्ही बाजूंना किटल्या मांडून.

"आजी, जरा वाट द्या."

"आजी असेन तुमच्या घरी. कुठं निघालात?"

"पलीकडे. फोटोला."

"तुमची हद्द इथं संपली, साहेब. तुम्हीच सांगितलंत ना? पुढं आमच्या फळ्या आहेत."

साहेबांनी गॉगल काढला. आमच्याकडची माणसं एकदम आभाळाकडे बघायला लागली, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं. पलीकडून सुतारकाका म्हणाले, "ताई, येऊ द्या की त्यांनाही. पण फळी आणायला सांगा. रीत आहे आपली."

साहेबांनी फळी काही आणली नाही. फोटो अर्ध्या पुलाचाच निघाला.

मतदारसंघाची रेघ अजून तिथेच आहे. पुढच्या पावसाआधी फळ्या पुन्हा उचलायच्या, पूर ओसरला की पुन्हा ठोकायच्या. दोन साहेब असून आमच्या नशिबी तेच. विचार केला की डोकं तापतं.

पण त्या सकाळी साहेबांची गाडी वळली तशी आत्याने एक किटली उचलून बाजूला घेतली. "बघत काय बसलीस? घंटा झाली की."

मी धावले. आमची फळी कुरकुरली.