मापातलं बोट

शनिवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी बहिणीने भावाच्या गळ्याभोवती टेप फिरवली आणि आकडा वाचला. अडतीस सेंटिमीटर.

"काल साडेअडतीस होता," ती म्हणाली. "हनुवटी वर कर. परत बघते."

"जिराफाचं माप घेतेयस का?"

"जिराफ गप्प तरी उभा राहतो."

तो हसला. हसू घशात अडकलं आणि त्याचा खोकला झाला. चार दिवस त्याचा आवाज घोगरा होता. गार पाणी प्यायलो म्हणून, असं त्याने सांगून टाकलं होतं आणि तिने ते मानून घेतलं होतं. पुन्हा मापलं. अडतीसच. तिने दवाखान्यात फोन करून आकडा कळवला. पलीकडे सिस्टर खूश झाल्या.

घराची पुढची खोली हेच तिचं शिवणाचं दुकान. वीस वर्षं लोकांचे गळे मापण्यात गेली, पण रोज सकाळी एकच गळा मापायची वेळ कधी आली नव्हती. भावाला आधी टीबी निघाला, पाठोपाठ रक्तात एचआयव्ही. टीबीच्या गोळ्यांनी तो सावरला, अंगावर मांस चढलं. मग दुसऱ्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात ताप उलटला. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली.

"औषध चुकलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "शरीराची ताकद इतके दिवस निपचित पडली होती. आता ती जागी झालीय आणि आत लपलेल्या जंतूंवर तुटून पडतेय. ही सूज त्या मारामारीची. आधीच्या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. सूज उतरायला या वेगळ्या गोळ्या देते."

मग त्यांनी बहिणीकडे बघितलं. "गाठ आत श्वासनळीकडे वाढली, तर मात्र घरी ठेवता येणार नाही. तुम्ही शिवणकाम करता ना? रोज माप घ्या आणि फोनवर कळवा."

पहिल्या दिवशी चाळीस. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही चाळीस. सोमवारी सिस्टरांनी बजावलं, "बुधवारपर्यंत उतरलं नाही तर भरती. किमान पंधरा दिवस." भावाच्या हातात तेव्हा नोकरीचं पत्र होतं. आठ महिन्यांनी मिळालेली, कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पत्राची घडी घालून त्याने ते तिच्या मशीनच्या खणात ठेवलं.

मंगळवारी आकडा साडेएकोणचाळीसवर आला, बुधवारी एकोणचाळीसवर. गुरुवारी डॉक्टरांना विचारून सिस्टरांनी सुजेची गोळी निम्मी केली.

आज दुपारी साडेबारापर्यंत तिने कंपनीच्या गणवेशाचा शर्ट पुरा केला. टायखाली वरचं बटण लावावंच लागणार होतं. गळा अडतीस भरला होता, तरी तिने कॉलर मुद्दाम एकोणचाळीसची धरली होती. आमच्या साहेबांच्या गळ्याला हवा लागू दे, असं स्वतःशीच पुटपुटत तिने काज केलं होतं.

"घालून दाखव."

तो आरशासमोर उभा राहिला. खालची बटणं लागली. वरच्या बटणापाशी त्याचे हात थांबले.

"आण इकडे." तिने दोन्ही टोकं ओढली. काज बटणापर्यंत पोचलं नाही. मध्ये अंगठ्याएवढी फट राहिली.

"कपडा आटला असेल," तो म्हणाला.

"न धुताच?"

तिने टेप घेतली. गळ्याचं माप घेताना टेपखाली एक बोट घालायचं, हे ती शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे. बोट न घालता घेतलेलं माप माणसाचं नसतं, खांबाचं असतं, असं म्हणत असे. आता बोट घालताना तिच्या लक्षात आलं, की मंगळवारपासून हे बोट कुठेच नव्हतं. गेल्या शनिवारी होतं. सोमवारी होतं. मंगळवारी सकाळी तिने टेप ओढली, तो श्वास रोखून उभा राहिला, आणि दोघांनीही आरशाकडे बघायचं टाळलं होतं.

एक्केचाळीस.

मापाच्या वहीत अडतीसच्या खाली तिने एक्केचाळीस लिहिलं. वरचा आकडा खोडला नाही. त्याच्या गळ्याभोवतीची टेप न सोडता दुसऱ्या हाताने फोन लावला.

"बटण पुढे घे ना," तो म्हणाला. "अर्धा इंच. कोणाला कळतंय?"

फोन वाजत राहिला.

"ताई." त्याने दम घेतला. "सोमवार तेवढा पार पडू दे गं."

"रात्री तू बसून झोपतोस," ती म्हणाली. "मला दिसतं."

"तुलाही झोप नाही म्हणजे."

सातव्या घंटेला सिस्टरांनी फोन उचलला. मागे कपाटं बंद होत असल्याचा आवाज होता.

"बोला ताई. आकडा तर सकाळीच दिलात ना? अडतीस लिहिलाय मी. उद्यापासून गोळी बंदच करायची का, ते विचारून ठेवते."

भावाने मान हलवली. नाही, सांगू नकोस.

"ताई? ऐकताय ना?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. दवाखाना एक वाजता बंद होत असे, आणि सोमवारपर्यंत उघडत नसे. टेपखाली अडकलेल्या तिच्या बोटाला त्याचा श्वास लागत होता. एक आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.